बाजेपलीकडची पापं

पाद्री होण्याच्या वाटेवर मी एकदाच नापास झालो, आणि तोही एका लाटण्यापायी.

पन्नासचं दशक निम्म्यावर आलं होतं आणि सेमिनरीत आमचं ईश्वरविद्येचं तिसरं वर्ष संपत होतं. धडे अजून लॅटिनमध्येच चालत. सकाळी लॅटिनमध्ये तत्त्वं शिकायची आणि दुपारी तीच तत्त्वं लॅटिनमध्येच वापरून बघायची. वापरून बघायला पुस्तकात एक ठरलेला माणूस असे. त्या बापड्यानं तीन वर्षं एकच गाय चोरली, कधी भुकेपोटी, कधी सूड म्हणून, कधी आपलीच आहे असं समजून, आणि दर वेळी त्याचं पाप केवढं ते आम्ही ठरवायचं. दुपारच्या जेवणाला आमच्यातल्या एकानं उंच जागी उभं राहून सरावाचं प्रवचन द्यायचं आणि बाकीच्यांनी आमटी ओरपत ते ऐकायचं अशीही एक चाल होती. माझं पहिलं प्रवचन उपवासावर होतं. त्या दिवशी नेमकं बांगड्याचं कालवण होतं आणि मी माझ्या ताटावर डोळा ठेवून बोलतोय हे सगळ्यांना दिसत होतं. प्रवचन फारच आटोपशीर झालं असा शेरा मला मिळाला.

पण खरी कसोटी होती कुमसार ऐकण्याची. कुमसार म्हणजे पापांची कबुली. दीक्षा झाल्यावर आम्हांला जन्मभर लाकडी पेटीत बसून लोकांची पापं ऐकायची होती, म्हणून त्याची रंगीत तालीम घेत. आम्ही गळ्यात जांभळी पट्टी घालून खुर्चीत बसायचं, मध्ये एक जाळीचा पडदा, आणि पलीकडे पापी म्हणून आमचे मॉरलचे, म्हणजे नीतिशास्त्र शिकवणारे फादर. हे स्पेनहून आलेले, छातीपर्यंत दाढी असलेले, आवाज विहिरीतून यावा तसा. पंचवीसेक वर्षं आमच्या मुलखात काढल्यामुळे मराठी अगदी आमच्यासारखी बोलत. परीक्षेत ते कधी गाडीवान होत, कधी सावकार, कधी नवी नवरी. सोंग बदलायचं साधन एकच, एक पंचा. तो खांद्यावर असला की पुरुष आणि डोक्यावर असला की बाई. मागच्या बाकांवर आमचा सगळा वर्ग बसून बघत असे.

माझ्या वेळी पंचा डोक्यावर आला. जाळीतून मला दाढी दिसत होती आणि दाढीच्या वर पदर. विहिरीतून आवाज आला, "फादर, मी नवऱ्याला मारलं."

नियम असा की पापाचा प्रकार कळला की संख्या विचारायची. मी गंभीरपणे विचारलं, "किती वेळा?"

"लाटणं मोडेपर्यंत," बाई म्हणाली.

इथवरही मी तग धरला होता. पण मग त्या बाईनं नाकावर आलेला पदर सावरला आणि दाढी नीट आत खोचून घेतली, आणि मी गेलो. मला हसू आलं असं म्हणणं म्हणजे पुराला ओल आली म्हणण्यासारखं आहे. मी खुर्चीवरून घसरलो. जांभळी पट्टी तोंडात कोंबली. मागे वर्ग फुटला. कोणीतरी बाकासकट पडलं. एकटे फादर हसत नव्हते. त्यांनी पंचा काढून त्याची शांतपणे घडी घातली.

नंतर त्यांनी मला खोलीवर बोलावलं. रागावलेले नव्हते, त्यामुळे मी जास्त घाबरलो. ते म्हणाले, की माणूस घरून निघताना दहा वेळा मागं फिरतो, मग कसाबसा तिथवर पोचतो आणि गुडघे टेकतो. तेव्हा आतून हसू ऐकू आलं तर तो उठून जाईल, आणि पुन्हा येईलच असं नाही. जूनमध्ये माझी फेरपरीक्षा होणार होती. त्यात हसलो तर डिसेंबरात माझ्या सोबत्यांना दीक्षा मिळणार आणि मी खालच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. पुढच्या वर्षीही मला घेतीलच असं नव्हतं. मे महिन्यात घरी जाऊन सराव कर, त्यांनी सांगितलं. घरच्यांना पलीकडे बसव. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. क्षमेचे शब्द उच्चारायचे नाहीत, कारण तो अधिकार तुला अजून नाही. आणि कोणाचंही खरं पाप ऐकायचं नाही, सगळी बनावट हवीत.

मी हो म्हणालो खरा, पण मनातून पार ढेपाळलो होतो. हसू ही आमच्या घरची वडिलोपार्जित इस्टेट होती. भातशेतीचे तुकडे वाटण्यांत गेले, हसू मात्र सगळ्यांना सारखं आलं. माझे वडील साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर होते आणि त्यांना हसताना उचकी लागे. पण या खात्यातली मालकीण होती आई. ती हसली की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकत. एकदा नाताळच्या मिस्सेला प्रवचन चालू असताना म्हाताऱ्या फादरांच्या चष्म्यावर माशी बसली, तेव्हा आई अशी हसली की फादरांनी प्रवचन तिथंच थांबवून पुढची प्रार्थना सुरू केली. गावानं त्याबद्दल तिचे आभार मानले. अशा बाईच्या पोटी मी एकुलता एक.

अंधेरीच्या पूर्वेला आमचं जुनं गाव होतं. कौलारू घरं, मध्ये क्रूस, मागे शेतं. मे महिन्यात प्रत्येक अंगणात वर्षाचा मसाला कुटायचं काम चाले. मिरच्या वाळत पडलेल्या, बायका मुसळं घेऊन उभ्या, हवेत तिखट, आणि सगळं गाव शिंकत असे. अशा शिंकणाऱ्या गावात मी काळा झगा घालून, ट्रंक घेऊन उतरलो आणि ओटीवर बसून घरच्यांना सगळं सांगितलं. लाटण्यापर्यंत आलो तेव्हा वडिलांना उचकी लागली. आई हसली नाही. ती म्हणाली, म्हणजे नापास झालास, आणि उठून मिरच्या उलटायला गेली. मला वाटलं, बिचारीला फारच लागलं.

वडिलांना या सरावाचा नादच लागला. त्यांनी ओटीवरची सुंभाची बाज उभी केली, खाली दोन विटा लावल्या, आणि झाली कुमसाराची जाळी. अलीकडे माझा पाट, पलीकडे पाप्याचा पाट. गळ्यात घालायला आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा मिळाला. मग वडील गावात फिरले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, की आमच्या पोराला हसवायचं आहे, संध्याकाळी पाप घेऊन या.

गावाला एवढंच हवं होतं. संध्याकाळी पाहतो तर अंगणात रांग. खऱ्या कुमसाराला जे वर्षातून एकदा ईस्टरच्या आधी ओढून न्यावे लागत, ते हातपाय धुऊन, भांग पाडून हजर. काहींनी दुपारपासून पापं पाठ केली होती. रांगेतल्या रांगेत एकमेकांची पापं ऐकून ती आणखी चांगली करून देण्याचं कामही चालू होतं.

पहिला आला आमच्या वाजंत्रीतला ढोलवाला. गावातल्या लग्नात आणि मयतीला हाच वाजवायचा. त्यानं कबूल केलं, की मयतीच्या मागे चालताना त्याच्या हातात लग्नाची चाल येते, आणि मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याच्या मयतीला दोन ठोके लग्नाचे पडले. मी जीभ चावली. तो पुढे म्हणाला, "त्यावर म्हाताऱ्याची बायको नाचली नाय, पण तिचा पाय हलला, हे मी बघितलं." मी संपलो. अंगणात टाळ्या पडल्या.

मग वर्सोव्याची मावशी. आईची ही धाकटी बहीण तिकडे दिलेली. महिनाभर मसाल्याला आली होती. तिनं गुडघे टेकले आणि एकामागून एक पापं सांगायला लागली. सगळी तिच्या जावेची. जाऊ पापलेट लपवते, जाऊ सासूला उलटं बोलते, जाऊ मिस्सेला उशिरा येऊन पुढे बसते. मी म्हणालो, मावशी, स्वतःचं पाप सांगायचं असतं. ती चिडली. म्हणाली, माझं असतं तर सांगितलं नसतं का, मला पाप करायला मिळतंय कुठं, घरात ती सगळी करून ठेवते. वडिलांच्या उचक्या मला बाजेआडून ऐकू येत होत्या.

शेजारच्या नव्या चाळीत राहायला आलेले एक ब्राह्मण गृहस्थ होते, फोर्टात कुठल्याशा ऑफिसात कारकून. ते दोन दिवस कुंपणाशी उभे राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी धोतर सावरत आले आणि अत्यंत अदबीनं विचारलं, की आमच्यासारख्यांना परवानगी आहे का. वडिलांनी त्यांना पाटावर बसवलं. त्यांनी घसा खाकरून सांगितलं, की ते दर बुधवारी वाचनालयात जातो असं घरी सांगतात आणि आमच्याकडे येऊन बोंबील खातात. वडील धावत आले. म्हणाले, साहेब, हे चालणार नाय, हे खरं आहे. गृहस्थ गोंधळले. म्हणाले, क्षमा करा, मग मी उद्या बनवून आणतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलेलं पाप इतकं शुद्ध भाषेत होतं, की ते पाप आहे हेच कोणाला कळलं नाही.

मी रोज हरत होतो. तोंडात चिंचोका धरून पाहिला, तो एकदा गिळला. मांडीला चिमटे काढले. स्वतःच्या मयतीची कल्पना केली, तर तिथं ढोलवाला हजर. पंधरा दिवस असे गेले आणि मग हसण्यातली गंमत जाऊन भीती उरली. माझ्याबरोबरचे सगळे डिसेंबरात पाद्री होणार. या हसण्यापायी मी राहिलो तर गावात तोंड कसं दाखवू, आणि मुख्य म्हणजे दुसरं काय करू, मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. लहानपणापासून नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

उपाय सापडला तो अचानक. बाज विटांवर होती, त्यामुळे खाली चारेक बोटांची फट होती, आणि त्या फटीतून पलीकडच्याचे पाय दिसत. एकदा ढोलवाला नवं पाप सांगत असताना मी मान खाली घातली आणि त्याच्या पायांकडे पाहत राहिलो. भेगा पडलेले, चिखल सुकलेले, शहाणे पाय. पायांना विनोद करता येत नाहीत. ढोलवाला वर जिवाचा आटापिटा करत होता आणि मी शांत. त्याचं संपल्यावर मी सेमिनरीच्या आवाजात उपदेश केला आणि प्रायश्चित्त म्हणून 'नमो मरिया' ही प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानंतर मी एकदाही हसलो नाही. मावशी आली, तिच्या पायांतल्या चपलांचे अंगठे पाहत बसलो. रांग कमी व्हायला लागली. लोक म्हणाले, आता मजा नाय राहिली. वडील मात्र खूश होते. त्यांनी माझी पाठ थोपटून सांगितलं, की पोरगा दगड झाला, आता पास होणार.

एवढ्या महिन्यात आई एकदाही बाजेपलीकडे बसली नव्हती. बोलावलं की तिला मसाला असे. आणि ती हसतही नव्हती. ढोलवाल्याला, मावशीला, त्या गृहस्थांना सगळं अंगण हसलं, पण आईचं मुसळ आपलं चालू. मी फेरपरीक्षेच्या काळजीत होतो, म्हणून मला वाटलं तिलाही तीच काळजी असणार.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रंक भरत होतो. वडील बाजारात गेले होते, मावशी मागच्या दारी बरण्या पुसत होती. आई ओटीवर आली. कोपरापर्यंत हात मसाल्यानं लाल. म्हणाली, "चल, बस. माझं राहिलंय." मला आनंद झाला. मी पट्टा गळ्यात घालून बसलो. ती पलीकडे बसली.

"मी दुसऱ्या गावची बाई आहे असं समज," ती म्हणाली, आणि बोलायला लागली.

तिचा एकच मुलगा. तो फादर होणार. सगळं गाव तिला म्हणतं, भाग्यवान गो बाई. तीही हो म्हणते. पण या वर्षी चाळीस दिवसांच्या उपवासात ती बहिणीला घेऊन वांद्र्याला मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरीला गेली. लोक म्हणाले, पोराच्या परीक्षेसाठी चालली. तिथं टेकडीवर मेणाच्या वस्तू विकतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. हात दुखत असेल तर मेणाचा हात वाहायचा, पाय असेल तर पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. या बाईनं विकणाऱ्याला विचारलं, पोरगा नापास व्हायला काय वाहतात. तो म्हणाला, डोकं आहे, पण ते पास व्हायला. नापासाचं आमच्याकडे काय नाय. बाईनं खूप विचार केला आणि मेणाचं घर घेतलं. म्हणजे पोरगा घरी येईल. विकणारा म्हणाला, बाई, हे जागा मिळायला असतं. ती म्हणाली, जागा हाय, जागेत माणूस नाय. मग ती चढण चढायला लागली तर ऊन असं, की घराचं छप्पर वाकायला लागलं. तिच्या बहिणीनं छत्री उघडली आणि बाईच्या डोक्यावर न धरता घरावर धरली. बाई उन्हात, घर सावलीत. वर पोचेपर्यंत दार बुजलं होतं. मोतमाउलीसमोर तिनं ते ठेवलं आणि म्हणाली, आये, दार नखानं उघडून घे.

इथं आई थांबली.

ही गोष्ट लिहिताना आजही माझा हात थांबतो, हसण्यासाठी. तेव्हाही हसू ओठांपर्यंत आलं होतं. पण मी फटीकडे पाहत होतो. आईचे पाय माझ्या ओळखीचे होते. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासत होता, घासतच होता. लहानपणी ताप आला की माझ्या उशाशी बसून ती तसंच करायची. मला कळलं, की दुसऱ्या गावची बाई वगैरे काही नाही.

"आणि तो नापास झाला," आई म्हणाली. "मोतमाउलीनं ऐकलं. बाईला वाटलेलं, आनंद होईल. पोरगा ट्रंक घेऊन दारात आला, त्याचं तोंड बघून तिला अन्न गोड लागेना. आता तिला कळत नाय, की मागितलेलं परत कसं मागायचं."

ती थांबून राहिली. ती कशाची वाट बघत होती हे आज मला इतकं स्पष्ट कळतं. तिनं छत्री सांगितली होती, वाकलेलं छप्पर सांगितलं होतं, सगळं तिच्या पद्धतीनं सांगितलं होतं. तिला मी हसायला हवा होतो. मी खदाखदा हसलो असतो तर तिला समजलं असतं, की एवढंच ना, संपलं. पण मी महिनाभर घासून दगड तयार केला होता. खरं पाप ऐकायचं नाही, हा नियम डोक्यात होता. जूनची परीक्षा डोक्यात होती. मी पायांवरून नजर काढली नाही आणि सेमिनरीच्या आवाजात म्हणालो, की बाई, देवाच्या इच्छेच्या आड येऊ नये, आणि तीन नमो मरिया म्हणाव्यात.

अंगठा थांबला. आई उठली. बाजेवरून डोकावून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पास झालास, बाबा," ती म्हणाली. "पक्की भिंत झालीये."

आणि ती मागच्या दारी बरण्या भरायला गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. मी उरलेली ट्रंक भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं मसाल्याची बाटली माझ्या ट्रंकेत घातली, माझ्या कपाळावर बोटानं क्रूस काढला, आणि मी सेमिनरीत परत आलो.

फेरपरीक्षेला पंचा खांद्यावर होता. फादर दारू प्यालेले गाडीवान झाले होते, आणि त्यांच्या बैलांनी स्वतःच्या अकलेनं गाडी चर्चमध्ये नेली होती. मागे बाकांवर सगळे तोंडं दाबून बसलेले. मी जाळीखालून फादरांच्या बुटांकडे पाहत होतो. डाव्या बुटाला ठिगळ होतं. माझा ओठही हलला नाही. उपदेश बरोबर, प्रायश्चित्त बरोबर, लॅटिन बरोबर. फादरांनी पंचाची घडी घातली आणि सांगितलं, पास.

मी जायला निघालो तेव्हा ते म्हणाले, "थांब जरा. मी तिथं बोलत होतो तेव्हा तू कुठे होतास?"

मी खरं ते सांगितलं, की तुमच्या बुटांकडे पाहत होतो, फादर.

त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. ठिगळाकडे पाहिलं. मग तो विहिरीतला माणूस हसायला लागला, दाढी हलेपर्यंत, डोळे पुसेपर्यंत. हसता हसताच ते म्हणाले, "कुमसाराला बूट येत नाहीत रे. माणूस येतो. तो उठून जाऊ नये म्हणून मी तुला हसू नको म्हणालो होतो. तू तर स्वतःच उठून गेलास."

मला आई आठवली. पण तिचं सांगायचा मला हक्क नव्हता. आज सांगतोय कारण पुढे तिनंच मेणाच्या घराची गोष्ट सगळ्या गावाला इतक्यांदा सांगितली, की शेवटी शेवटी त्यात छत्र्या दोन झाल्या होत्या.

डिसेंबरात मला दीक्षा मिळाली. गावानं क्रूसापासून चर्चपर्यंत पताका लावल्या. वाजंत्री आली. ढोलवाल्यानं लग्नाच्या चाली वाजवल्या आणि या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. मैद्याचे फुगे तळले, डुकराचं विंदालू झालं, आणि चाळीतले ते गृहस्थ सहकुटुंब आले आणि बायकोसमोर वरणभात जेवले. आई सगळ्यांना वाढत होती, सगळ्यांशी बोलत होती. माझ्याशी बोलताना मात्र "फादर" म्हणत होती. हातावर मुका घेऊन, डोकं झुकवून, अगदी रीतसर. माझ्या हाताला तिचे ओठ लागले की मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग शनिवार आला. शनिवारी संध्याकाळी गाव कुमसाराला येई. आमचे म्हातारे फादर म्हणाले, आज तू दुसऱ्या पेटीत बस. मी नवी कोरी जांभळी पट्टी घालून बसलो. पडदा जरा सरकवून पाहिलं. म्हाताऱ्या फादरांच्या पेटीसमोर रांग दरवाज्यापर्यंत गेली होती. माझ्या पेटीसमोर कोणी नव्हतं. मे महिन्यात ज्यांनी भांग पाडून माझ्यासमोर पापं सांगितली होती, ते सगळे छताकडे बघत होते. ढोलवाला माझी नजर चुकवून जपमाळ मोजत होता. खोटी पापं मला चालत होती, खरी मला कोण सांगणार? मी लाकडावर कान टेकून बसलो. मला खूप एकटं वाटलं, आणि तिथं बसून ते वाटणं काही शोभण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात चपलांचा आवाज आला. रांगेच्या कडेनं लाल लुगडं येत होतं. आई रांगेला ओलांडून पुढे आली, सगळ्या गावासमोर माझ्या पेटीपाशी वळली आणि जाळीशी तिनं गुडघे टेकले.

तिनं काय सांगितलं ते मी सांगणार नाही. मी काय म्हणालो तेही नाही. ते माझ्याबरोबर जाईल. पण रांगेतल्यांवर कसलंच बंधन नव्हतं, आणि त्यांनी जे ऐकलं ते नंतर त्यांनी मला वर्षानुवर्षं सांगितलं. दीक्षेसाठी येऊन राहिलेली मावशी सर्वांत पुढे उभी होती, तिची साक्ष पक्की. ती म्हणते, आधी बराच वेळ नुसती कुजबुज. मग शांत. मग बाईच्या बाजूनं एक हसू फुटलं, आणि लगेच मधल्या, म्हणजे माझ्या बाजूनं दुसरं, आणि मग दोन्ही मिळून असं काही सुरू झालं, की पेटीचं जुनं लाकूड करकरलं, बाहेर कुत्री भुंकायला लागली, आणि म्हाताऱ्या फादरांनी आपल्या पेटीतून डोकं बाहेर काढून विचारलं, की काय झालं, कोण पडलं.

आई बाहेर आली ती पदरानं डोळे पुसत. सगळी रांग तिच्याकडे बघत होती. ती मावशीपाशी थांबली आणि तिला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जा गो, आत माणूस हाय."

मावशी रांग सोडून माझ्या बाजूला आली. तिच्या मागोमाग ढोलवाला आला.